पाण्यालगतची पहिली रांग

तळं हिवाळ्यात गोठत नाही.

सासऱ्यांचं नाव मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी नाही.

ट्रॉलीबसच्या टपावरच्या दांड्या तारेवरून निसटल्या की ड्रायव्हरला खाली उतरून, मागं जाऊन, दोरीनं त्या परत तारेला लावाव्या लागतात. तोवर आतली माणसं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

तळ्याच्या उत्तर काठावर, चोल्पोन-आताच्या पुढं, एका बंगल्याच्या फाटकावर कुत्र्याचं चित्र आहे. कुत्रा नाही.

बेकरीतून निवृत्त झाले त्या दिवशी बायकांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पुढं पळतं. सगळ्यांनी मिळून निवडलं होतं म्हणे.

अतबाशीत मे महिन्यातही अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय धरते.

*

"अहो, तळ्याकाठी जागा घेऊ या," मी म्हणाले.

हे किटलीचा तुटलेला कान तारेनं बांधत होते. आमच्या बिश्केकच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीजघराची धुराडी दिसतात, आणि त्यांचा धूर कुठल्या बाजूला चाललाय ते पाहून हे हवामान सांगतात.

"घेऊ," हे म्हणाले.

इतक्या लवकर हो म्हणणारा माणूस ऐकत नसतो.

"काय घेऊ?"

"तू म्हणालीस ते."

"काय म्हणाले मी?"

ह्यांनी किटली खाली ठेवली. "जागा. तळ्याकाठी." मग जरा थांबून, "तिथं वारा फार."

"अतबाशीत नसतो वारा?"

"तिथला वारा ओळखीचा आहे."

अतबाशी म्हणजे ह्यांचं गाव. उंचावर, डोंगरांच्या कुशीत. मेंढरं, गवत, आणि हिवाळा संपला असं वाटेपर्यंत पुढचा हिवाळा. माझं गाव सारीबुलुन, तळ्याच्या दक्षिण काठावर. तळं म्हणतो आम्ही नुसतं. पलीकडचा काठ दिसायला मात्र स्वच्छ दिवस लागतो. लग्न झालं आणि मी अतबाशीला गेले. पुढं ह्यांना बिश्केकला ट्रॉलीबसच्या डेपोत ड्रायव्हरचं काम मिळालं, मला बेकरीत. पण सुट्टी आली की अतबाशी. गवत कापायला अतबाशी, लग्नाला अतबाशी, मयताला अतबाशी. माझ्या माहेरी कधी? वेळ मिळेल तेव्हा. म्हणजे कुणी गेलं की.

*

अतबाशीतल्या पहिल्या वर्षी मी वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचे आणि त्यानं तोंड धुवायचे. आमचं तळं खारट आहे, थोडंसं. पोहून आल्यावर ओठांवर राहतं तेवढंच.

सासूबाईंनी पाहिलं.

"मीठ उधळायला बापानं गाडीभर पाठवलंय वाटतं," त्या म्हणाल्या.

मग मी मीठ टाकणं बंद केलं. तोंड धुताना जीभ तेवढी ओठांवरून फिरायची. काही नसायचं.

*

उत्तर काठ. दलालाचं नाव रिनात. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर दुसरा काळा चष्मा.

"पहिली रांग संपली, एजे." एजे म्हणजे ताई.

"संपली म्हणजे? ती काय भाकरी आहे?"

"म्हणजे आहे. पण माणसांसाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"कंपन्यांसाठी. तुम्हाला दुसरी रांग दाखवतो. मस्त जागा. दुसऱ्या मजल्यावरून तळं दिसतं."

"दुसऱ्या मजल्यावर चढायचं कशानं?" हे म्हणाले. "माझे गुडघे डेपोत जमा आहेत."

"मग तिसरी रांग बघा, एसेके. स्वस्त. तिसऱ्या रांगेत तळं ऐकू येतं."

ह्यांचं नाव एसेनगुल. मान द्यायचा तर एसेके म्हणायचं. रिनातनं ते दोन मिनिटांत उचललं होतं.

"आणि चौथ्या रांगेत?"

"चौथ्या रांगेत हवा तळ्याचीच असते."

हे हसले. मला हसू आलं नाही. आम्ही दुसऱ्या रांगेतल्या एका मोकळ्या तुकड्यावर उभे होतो; समोर दोन नवी घरं, दोन्हींना निळी पत्र्याची छपरं. मी विटांच्या ढिगावर चढले. ह्यांनी मागून माझ्या कोटाचं टोक धरून ठेवलं.

"दिसलं?"

"दिसलं."

"केवढं?"

मी दोन बोटांत अंतर दाखवलं. पत्र्याच्या निळ्याहून जरा गडद, एवढाच फरक.

मग निदान पाण्यात हात घालावा म्हणून खाली गेलो, तर वाट नाही. कुंपण थेट पाण्यात उतरलेलं. फाटकावरचं ते कुत्र्याचं चित्र तिथलंच. पहारेकरी खुर्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"फक्त पाहुण्यांसाठी," तो म्हणाला.

"अरे, मी ह्या तळ्याचीच मुलगी आहे."

"मावशी, सगळेच तसं म्हणतात." त्यानं साल थुंकली. "कालच एक अलमाटीहून आला होता, तोही तळ्याचाच मुलगा."

*

पूर्वेच्या टोकाला एक म्हातारा. त्याची जागा लव्हाळ्यात. डास इतके की बोलताना तोंडावर हात धरावा लागत होता.

"वडिलांनी घर बांधलं तेव्हा पाणी पायरीला लागायचं," तो म्हणाला. "आता बघा कुठं गेलंय. पाणी मागं सरतं, जागा वाढते. मला तळं दरवर्षी जमीन देतं. फुकट!"

ह्यांना तो माणूस फार आवडला. परत येताना गाडीत दोनदा म्हणाले, "तळं जमीन देतं म्हणतो, काय माणूस आहे!"

मी म्हणाले, "म्हणजे आज पहिली रांग घ्यायची आणि मरताना दुसऱ्या रांगेत मरायचं."

ते गप्प झाले. मरण्याबद्दल मी काही वेगळं सुचवत नव्हते. पण ते गप्प झाले, आणि मला वाटलं, गाडीच्या आवाजामुळं.

*

मग केमेलचा फोन आला. केमेल माझा धाकटा भाऊ, सारीबुलुनलाच असतो.

"एजे, तळ्याला प्रदक्षिणा झाली का घालून? आता माणसांत या."

"माणसांत जागा आहे का?"

"वडिलांचा गवताचा तुकडा आहे की. रस्त्याच्या खाली. पुढं घर नाही, दार नाही, नुसतं पाणी."

मला तो तुकडा आठवत होता. तिथं नारिंगी बोरांची काटेरी झुडपं होती, आणि बोरं तोडताना आमचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघायचे.

"विकत देशील?"

मग तो ओरडला, "बहिणीला जमीन विकतात होय? लोक थुंकतील माझ्या तोंडावर. तुझं देणं बाकी आहे आमच्याकडे, एजे. तू पहिल्यांदा माहेरी आलीच नाहीस."

आमच्यात लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा तिला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. घोडा मागितला तर घोडा, गाय मागितली तर गाय. सासरच्या माणसांसोबत रीतसर यायचं, मागायचं, घेऊन जायचं. माझं ते येणं राहून गेलं. आधी पोटुशी होते, मग पोर लहान होतं, मग वडील गेले, मग आई. दुखवट्याला आलेली मुलगी काय मागणार?

"घोडा मागायचं वय गेलं रे माझं," मी म्हणाले.

"म्हणून तर जमीन देतोय. ती पाडत नाही कुणाला."

*

फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं.

हे खिडकीतून धुराड्यांकडे बघत होते.

"मी पैसे देणार," हे म्हणाले.

"तो घेणार नाही."

"मग मी जागा घेणार नाही."

पण गाडीत बसले. आमची जुनी ऑडी बूमच्या खिंडीतून निघाली, बालिक्चीला पोचली, तिथून उजवीकडे वळून तळ्याच्या दक्षिण काठाला लागली. डावीकडे, ह्यांच्या बाजूला, पाणी. मी तिकडे बघत होते आणि हे समोर बघत होते. चालवणाऱ्यानं समोरच बघायचं असतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

*

सारीबुलुन. केमेल, हे आणि मी, त्या तुकड्यावर.

"दाजी, पैसे काढलेत तर तळ्यात फेकीन."

"फेक. तळं तुझ्यापेक्षा शहाणं आहे, ठेवून घेईल."

"मग तळ्याकडूनच जमिनीचे कागद करून घ्या!"

दोघं हसले. हसता हसता केमेल बोरांच्या झुडपातून खाली वाट काढत गेला, काठीनं फांद्या बाजूला सारत. हे तिथंच उभे राहिले.

मी पाण्यापाशी गेले. हात घातला. बोटं ओठांना लावली.

पुढचं मी सांगणार नाही. चाळीस वर्षांचं एका वाक्यात येत नाही, आणि जास्त वाक्यांत सांगितलं तर खोटं होईल.

मग वर आले आणि काठावरचे गोटे वेचून आणून घर मांडायला लागले. गोट्यांची एक ओळ म्हणजे भिंत. इथं स्वयंपाकघर. इथं खिडकी, तळ्याकडं. इथं ताटाळं, इथं जास्तीच्या गाद्या, पाहुणे येतीलच.

हे उगाच इकडून तिकडे चालत होते, आणि भिंतीतून आत आले.

"दारातून या!" मी ओरडले.

ते थांबले. खाली गोट्यांकडे पाहिलं. मग मागं फिरून, वळसा घालून, जिथं मी दोन गोट्यांमध्ये जागा सोडली होती तिथून आत आले, आणि आत येताना वाकलेसुद्धा. सहा फुटी माणूस. अतबाशीच्या दारांची सवय.

"माझी खाट कुठं?"

"तिथं. उशाला तळं."

ते त्या ठिकाणी उभे राहिले. तळ्याकडं नाही, मागं, डोंगरांकडं बघत. ह्या डोंगरांच्या पलीकडं, आणखी दोन डोंगरांच्या पलीकडं अतबाशी आहे.

"छान आहे," हे म्हणाले.

मी इतकी खूश झाले की ते कशाला छान म्हणाले हे विचारलंच नाही.

*

जमीन द्यायची तर दुवा घ्यायला हवी, दुवा घ्यायची तर मेंढरू कापायला हवं. केमेलनं दुपारी मेंढरू कापलं. शेजारची पाचसहा माणसं आली. आमच्या थोरल्या भावाची बायको, कालबूबू वहिनी, सकाळपासूनच येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली होती. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनीची जीभ मात्र भाऊ होता तेव्हा होती त्याहून धारदार झाली आहे, कारण आता तिला आवरणारं कुणी नाही.

खोलीत जमिनीवर जेवणाची चादर, म्हणजे दस्तरखान, अंथरलं. दाराच्या समोरची जागा मानाची, तिथं वयानं मोठी माणसं बसतात. त्या खोलीत वयानं सगळ्यात मोठे हेच होते.

"दाजी, वर या ना," केमेल म्हणाला.

"बरा आहे इथं," हे म्हणाले आणि दारापाशी बसले.

जावई वर बसत नाही. हे केमेललाही माहीत होतं, ह्यांनाही. केमेलनं एकदाच आग्रह केला. दोनदा केला असता तर शेजाऱ्यांनी मान वळवून पाहिलं असतं.

मग मांस आलं. आमच्यात माणसाच्या पुढ्यात कुठलं हाड येतं त्यावरून त्याचं वय, त्याचा मान, त्याचं नातं कळतं. वडीलधाऱ्याला कमरेचं हाड. अतबाशीत गेली दहा वर्षं ह्यांच्यापुढं तेच येतं, आणि हे ते कसं सोलतात ते बघायला पोरं जमतात. इथं ते हाड सत्तार नावाच्या शेजाऱ्याला गेलं. तो निवृत्त ट्रॅक्टर ड्रायव्हर, ह्यांच्याहून चार वर्षांनी लहान. आपल्या गावचा, आपल्या कुळाचा.

ह्यांना छाती आली. कातडीसकट, वरची लोकर जाळून खरवडलेली, तुकतुकीत. जावयाचा वाटा. लग्नाच्या आठवड्यात देतात तो.

वहिनी स्वतः ताट घेऊन आली होती.

"खा, जावईबुवा! जावई म्हातारा झाला म्हणून मेंढराची छाती म्हातारी होत नाही."

माणसं हसली.

"आणि ऐका." तिनं ह्यांचा कान धरला, खरोखरच धरला. नव्या जावयाचा कान वहिन्या धरतातच. "आजवर जावई होतात, आता घरजावई. उद्या सकाळी तळ्यावरून दोन बादल्या पाणी आणायचं. बघू कंबर आहे का नुसता पट्टाच आहे!"

आता माणसं इतकी हसली की सत्तारच्या हातून ते हाड निसटून दस्तरखानावर पडलं.

हेही हसले. मी ते हसणं ओळखते. भर चौकात दांड्या निसटल्या, मागं शंभर गाड्यांचे भोंगे वाजायला लागले, की खाली उतरताना हे असेच हसायचे.

"वहिनी, दोन बादल्यांचं काय घेऊन बसलात," हे म्हणाले. "तळंच उचलून दारात आणून ठेवतो."

"बघा बघा, अतबाशीच्या माणसाला वाटतं तळं म्हणजे बादली!"

छाती ह्यांनी सगळी खाल्ली. हाडापर्यंत. तुकडा कापून इतरांना द्यायची पद्धत आहे, तो द्यायचा राहिला, किंवा दिला नाही.

दुवा झाली. सगळ्यांनी चेहऱ्यावरून तळहात फिरवले. सत्तार म्हणाला, "ह्या जागेत सुखानं राहा, इथलीच माती नशिबी येवो." चांगला आशीर्वाद आहे. आमच्यात ह्याहून चांगला नाही.

कुणाचंही काही चुकलं नव्हतं. मी मनातल्या मनात सगळं परत एकदा तपासलं. बसायची जागा बरोबर, वाटा बरोबर, थट्टा बरोबर, आशीर्वाद बरोबर.

*

(मला कधी कुणी कान धरून हसवलं नव्हतं. मी अतबाशीत पहिली दहा वर्षं उभ्यानं जेवले. ताटं बाहेर जायची, परत यायची, त्यांत उरलेलं. हे वाईट वाटून सांगत नाही. सगळ्याच सुना तसं जेवायच्या. एकमेकींच्या ताटातलं चांगलं हाड चोरायचो आणि हसायचो. पण त्या हसण्याला कुणी थट्टा म्हणत नव्हतं.)

*

सकाळी मी उठले तेव्हा हे अंथरुणात नव्हते. खाली गेले तर गोट्यांच्या घराबाहेर बसलेले. शेजारी दोन बादल्या, भरलेल्या.

"अहो, हे काय? तिनं थट्टा केली हो."

"माहीत आहे. म्हणूनच आणलं."

मी शेजारी बसले. पाणी अगदी स्थिर होतं. पलीकडचे डोंगर पाण्यातही होते, उलटे.

"इथं मी मेलो तर?" हे म्हणाले.

"काय सकाळी सकाळी!"

"दाराबाहेर काठीला टेकून रडायला कोण उभं राहणार?"

आमच्यात गेलेल्याची माणसं, म्हणजे भाऊ, पुतणे, मुलगा, दाराबाहेर काठीला टेकून ओळीनं उभी राहतात आणि मोठ्यानं रडतात. येणारा लांबून ते ऐकतो आणि त्याला कळतं, किती माणसांचा माणूस गेला.

"केमेल उभा राहील," मी म्हणाले.

"केमेल दाजी म्हणून रडेल. आमचा काका म्हणून कोण रडेल?"

"मुलगा येईल ना."

"मॉस्कोहून? तोवर मी थांबू?"

मला हसू आलं आणि मग आलेलं हसू कुठं ठेवावं कळेना.

"अतबाशीला," हे म्हणाले, "टेकडीवर वडील आहेत, आई आहे, दोन्ही भाऊ आहेत. वाऱ्याकडची बाजू अजून रिकामी आहे. लहानपणी गुरं घेऊन तिथून जाताना मला माहीत असायचं, ही माझी जागा."

"आणि माझी?"

"माझ्या शेजारी."

"मला कुणी विचारलं होतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खरोखर आश्चर्यानं पाहिलं.

"अहो," मी म्हणाले, "मी चाळीस वर्षं तुमच्याकडची सून आहे. तुमच्या माणसांची नावं घेतली नाहीत. तुमच्या मयतांना रडले, माझ्या माणसांना रडायला पोचेपर्यंत माती झालेली असायची. तुम्हाला उरलेली थोडी वर्षं जावई होता येणार नाही?"

बगळ्यासारखा एक पांढरा पक्षी पाण्यालगत उडत गेला, इतका खाली की त्याचे दोन झाले.

"सून होणं वेगळं," हे म्हणाले.

"कसं वेगळं?"

"मुलीला लहानपणापासून सांगितलेलं असतं. तू जाणार, तू जाणार. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं म्हणून सोपं जातं, असं वाटतं तुम्हाला?"

ते उठले, दोन्ही बादल्या उचलल्या आणि चढ चढायला लागले. मी मागून गेले. डेपोत गुडघे ठेवून आलेला माणूस, पण पाणी सांडलं नाही. वर अंगणात वहिनी उभी होती. तिनं बादल्यांकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं पाहिलं.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

*

निघालो. केमेलनं जर्दाळूंची पेटी मागच्या सीटवर ठेवली. "पाया कधी खणायचा ते सांगा, दाजी," तो गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाला. हे "सांगतो" म्हणाले. हा शब्द दोन्ही बाजूंना वळतो.

बोकोनबायेव गेलं. पुढं रस्ता पाण्याला येऊन लागतो आणि बराच वेळ तसाच जातो. आता पाणी ह्यांच्या बाजूला नव्हतं, माझ्या बाजूला होतं. मी तिकडं बघितलं नाही. जी गोष्ट मिळणार आहे की जाणार आहे हे ठरायचंय, तिच्याकडं बघवत नाही.

मनात मी दोन्ही घरं बांधून पाहिली. एकात आम्ही दोघं होतो, आणि हे जेवायला दारापाशी बसलेले. दुसऱ्यात बिश्केकची खिडकी, धुराडी, घड्याळ. तिसरं घर मला सुचेना.

बालिक्चीच्या अलीकडं फाटा आहे. डावीकडचा रस्ता कोचकोरला, तिथून नारिनला, तिथून अतबाशीला. सरळ गेलं की खिंड आणि बिश्केक. फाट्यावर बायका धुरी दिलेले मासे काठ्यांवर लटकवून विकत असतात.

ह्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

मला वाटलं, आता डावीकडं.

ते उतरले. एका बाईपाशी गेले, बराच वेळ उभे राहिले. मासे निवडण्यातलं ह्यांना काही कळत नाही. मेंढरू असतं तर लांबूनच वजन सांगितलं असतं. बाई काहीतरी बोलली, हे हसले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले मासे घेऊन परत आले.

"घे," म्हणाले.

अतबाशीत मासे कुणी खात नाही. त्यांच्या घरात वास आला की सासूबाई दारं उघडायच्या. ह्यांनी माझ्यासाठी कधी मासा आणला नव्हता, मीही कधी मागितला नव्हता. मांडीवर कागद उघडला. कातडी सोनेरी, धुराचा वास, बोटांना तेल.

"राहीन मी तिथं," हे म्हणाले. समोर बघत. गाडी उभी होती तरी समोर बघत. "तुझ्या वहिनीचा मारही खाईन. पाया खणायला स्वतः येईन."

अजून काहीतरी यायचं होतं. चाळीस वर्षांत एवढं कळतं.

"पण माती अतबाशीची. मी गेलो की मला घेऊन जायचं. केमेलला आधीच सांगायचं, वहिनीलाही, म्हणजे ऐनवेळी कुणी मयत अडवून भांडायला नको. इथं जगेन, तिथं झोपेन."

"आणि मी?"

"तुझं तू ठरव."

हे वाक्य मला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. आणि ते ह्या बाबतीत म्हणावं!

त्या टेकडीवर वाऱ्याकडच्या बाजूला ह्यांच्या शेजारी एक जागा आहे. ती मला कधी आवडली नव्हती. आता ती रिकामी राहील असा विचार आला, आणि ती दोघांची असती तर कशी असती हे पहिल्यांदा डोळ्यांपुढं आलं. खाली गाव, संध्याकाळी परतणारी मेंढरं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. वाईट नव्हती जागा.

"मला पाण्याजवळच ठेवा," मी म्हणाले.

"बरं."

"दोघं दोन ठिकाणी पडणार आपण."

"हं."

"मधे एवढे डोंगर."

"तीन," हे म्हणाले. आणि मग, "गाडी जाते आता. पूर्वीसारखं नाही."

कोण येणार होतं त्या गाडीतून, कुणाला भेटायला, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. मी माशाचा एक तुकडा मोडून ह्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला, तोंडात टाकला, आणि चेहरा वाकडा न करता चावत राहिले. एक काटा दातात अडकला. आरशात बघून तो काढण्यात त्यांचा बराच वेळ गेला. मी खात होते. सगळा मासा खाल्ला, डोक्यापर्यंत, बोटं चाटून.

मग केमेलला फोन लावला. "तुझे दाजी विचारतायत," मी म्हणाले, "पाया किती खोल लागतो वाळूत?"

ह्यांनी किल्ली फिरवली.

*

लग्नाच्या वेळी मला न्यायला अतबाशीहून लॉरी आली होती. ती मला घेऊन तळ्याच्या काठाकाठानं ह्या फाट्यापर्यंत आली, अतबाशीकडं वळली, आणि वाटेत कुठंही थांबली नाही.